एका दात्याचे चौघे

मास्तरांना बातम्यांचं वेड आधी नव्हतं. गाडी चालवायला शिकवणारा माणूस. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसायचं, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय तरंगत ठेवायचा, आणि घरी आलं की जगात कुठे काय चाललंय याची उठाठेव करायची नाही, असा त्यांचा खाक्या. पण त्यांचं स्वतःचं हृदय निकामी झालं, वाट बघून बघून डोळे शिणल्यावर कोणा अनोळखी माणसाचं हृदय मिळालं, आणि तेव्हापासून मास्तर सकाळच्या गोळ्या घेतल्या की फोन उघडून बसू लागले. शोधायचं एकच, अवयव-प्रत्यारोपण. कुठे दात्याचं हृदय यंत्रात धडधडतं ठेवून लांबच्या गावी नेलं. कुठे डुकराचं हृदय माणसाला बसवलं. कुठे उसन्या यकृतावर एक बाई डोंगर चढून आली. बातमी चांगली असली की मास्तर ती बायकोला मोठ्यानं वाचून दाखवत. वाईट असली की मनातल्या मनात वाचत आणि पुढचा दिवसभर मनगटावर दोन बोटं ठेवून हिंडत.

"झाली का सोयऱ्याधायऱ्यांची ख्यालीखुशाली विचारून?" बायको विचारी. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचं काम करायची, त्यामुळे तिची नजर बारीक होती आणि जीभही. "आता जरा घरच्यांची विचारा."

या नव्या हृदयाची एक खोड होती. ऑपरेशनमध्ये रक्तवाहिन्या जोडता येतात, नसा जोडता येत नाहीत. त्यामुळे मेंदूला बसलेला धक्का हृदयाला लगेच कळत नाही. तो रक्तातून, पायी चालत आल्यासारखा, सावकाश पोचतो. एखादा शिकाऊ ब्रेकऐवजी भलतंच दाबून गाडी ट्रकच्या ढुंगणाशी नेऊन भिडवायला निघाला की मास्तरांचं डोकं घाबरे, पाय ब्रेकवर पडे, पण छाती आपली थंड. मग सगळं निस्तरून, गाडी कडेला लावून, "काही हरकत नाही, पुन्हा करू" असं समजावत असताना हृदय एकदम धाडधाड उडायला लागे. काळजाचा ठोका चुकला, असं मास्तर पूर्वी सहज म्हणून जात. आता म्हणायची सोय राहिली नव्हती.

आणि दुखायचीही सोय राहिली नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "या हृदयाला काही झालं तर ते बोंब मारेलच असं नाही. म्हणून तपासणी चुकवायची नाही." तेव्हापासून मास्तरांना छाती शांत असली की जास्त धास्ती वाटे.

ती बातमी आली तेव्हा बायको कामावर जायची तयारी करत होती. बातमी छोटीशी, आतल्या पानावर असावी तशी. मूत्रपिंड मिळालेल्या एका तरुणीला क्षय झाला होता, आणि तो तिला दात्याच्या अवयवातून आला असावा, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. दात्याच्या अंगात रोग झोपलेला होता, त्याचा त्यालाही पत्ता नसावा. त्याच दात्याचे अवयव आणखी तिघांना बसवले होते. शेवटी त्या तरुणीचे शब्द होते: गेल्या वर्षी, थंडीच्या शेवटच्या आठवड्यात, या शहरात ज्यांना कुणाला अवयव मिळाले, त्यांनी कुणाची वाट न बघता तपासून घ्यावं.

मास्तरांना हृदय मिळालं होतं ते थंडीच्या शेवटच्या आठवड्यात.

त्यांनी बातमी पुन्हा वाचली. दोन बोटं आपोआप मनगटावर गेली. छाती मात्र ढिम्म. आणि मग, नेमका तेव्हाच, त्यांना खोकला आला. छोटासा, कोरडा. तो काही दिवस येत होताच, पण आत्तापर्यंत तो नुसता खोकला होता.

"काय म्हणतायत सोयरे?" बायकोनं चपला घालता घालता विचारलं.

"आज काही नाही," मास्तर म्हणाले.

आता कुणीही शहाणा माणूस दवाखान्यात फोन करेल. मास्तरांनीही फोन हातात घेतला. प्रत्यारोपण झालेल्यांची सगळी व्यवस्था बघणाऱ्या सिस्टर होत्या, त्यांचा नंबर पाठ होता. पण बोट काही पुढे जाईना. मनात वकिली सुरू झाली. त्या आठवड्यात शहरात एकच दाता असेल कशावरून? आणि आपण त्यांपैकी असतो तर त्यांनीच बोलावलं नसतं का? इतकी मोठी इस्पितळं, त्यांच्याकडे सगळं लिहिलेलं असतं. फोन आला नाही म्हणजे आपण नाही. फोन केला तर मात्र उगाच नसतं झेंगट मागे लागेल. असा स्वतःचा खटला स्वतः लढून, स्वतःच निकाल देऊन मास्तर कामावर गेले. सुटलो असं काही वाटलं नाही. दिवसभर खिशातल्या फोनला हात लावून बघत होते.

त्या दिवसांत त्यांच्याकडे एक दातांच्या डॉक्टरीणबाई शिकायला येत. दवाखान्यात थरथरत्या माणसाच्या दाढेत सुई घालताना यांचा हात हलत नसे म्हणे, पण स्टिअरिंग धरलं की दोन्ही हात बर्फासारखे. चौकातल्या वर्तुळाला त्या भयंकर भीत. वर्तुळ आलं की गाडी मधोमध उभी करून, "मास्तर, आधी त्यांना सगळ्यांना जाऊ दे," असं म्हणत. मागून हॉर्नचा गदारोळ.

"सगळे जाऊन कसं चालेल बाई? ते येतच राहणार."

"मग आपण थांबू."

एरवी मास्तरांना याचं हसू येई. आता काचा बंद केलेल्या गाडीत ते गप्प बसून राहत. ऑपरेशनपासून ते गाडीत तोंडाला मास्क लावत, दुसऱ्याचा संसर्ग आपल्याला नको म्हणून. आता तो मास्क त्यांनी नाकावर घट्ट दाबून घेतला होता आणि तो कुणासाठी, हे स्वतःलाही विचारत नव्हते. खोकला आला की घशातच दाबत. डोळ्यांत पाणी येई.

"काच थोडी खाली घ्या," एकदा ते म्हणाले.

"बाहेर थंडी आहे मास्तर."

"हवा खेळती पाहिजे. परीक्षेत बघतात."

असलं काही परीक्षेत बघत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी काच खाली केली आणि त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "हा खोकला कधीपासून आहे?"

"धूळ आहे रस्त्यावर."

"धूळ मलाही आहे. मी नाही खोकत. दाखवा कुणाला तरी."

"पुढे बघा, पुढे बघा," मास्तर म्हणाले. पुढे वर्तुळ होतं.

घरी निराळीच तऱ्हा. मास्तर हल्ली झोपायला बाहेरच्या खोलीत जाऊ लागले, पाठीला कडक अंथरूण बरं पडतं म्हणून. पेला वेगळा ठेवू लागले. बायको बघत होती. आठवडा उलटून गेल्यावर, एका सकाळी तिनं त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि कामाचा डबा टेबलावर ठेवला.

"काय झालंय?"

"कुठे काय?"

"अहो, इतके दिवस झाले, एक बातमी वाचून दाखवली नाही तुम्ही. जगातली सगळी ऑपरेशनं बंद पडली काय? डुकरं संपावर गेली?"

मास्तरांनी हसायचा प्रयत्न केला आणि त्यातून खोकला निघाला, चांगला कमरेत वाकवणारा. तो थांबल्यावर बायकोनं हात पुढे केला. मास्तरांनी निमूटपणे फोन दिला. बातमी शोधावी लागली नाही. ती उघडीच होती.

तिनं वाचली. चष्म्याच्या काचेवरचा ओरखडा शोधावा तशी, ओळीओळीनं. मग फोन पालथा ठेवला.

"कधी वाचलीत ही?"

"आली त्याच दिवशी."

"आणि तोंडातून ब्र काढला नाहीत. मी काय शेजारीण आहे तुमची? वाट बघत होतो आपण तेव्हा या खुर्चीत कोण बसलं होतं रात्रंदिवस? तुमच्या श्वासागणिक माझा जीव टांगणीला लागायचा. आता कळलं पेला वेगळा का ते! मला वाटलं, माझा कंटाळा आला."

"तुला भीती वाटेल म्हणून..."

"मला भीती वाटायची ती वाटतेच. तेवढ्यासाठी तुमची परवानगी लागत नाही." तिनं सिस्टरांचा नंबर लावला. आणि रिंग जाते न जाते तोच पलीकडून सिस्टर म्हणाल्या, "अहो, मी आत्ता तुम्हालाच लावणार होते."

बायकोनं फोन मोठ्या आवाजावर टाकला. सिस्टर आधी आडवळणानं बोलत होत्या, एक जादाची तपासणी आहे, घाबरण्यासारखं काही नाही. बायको म्हणाली, "सिस्टर, बातमीतलाच दाता का?"

मग सिस्टर हळू म्हणाल्या, "हो. नाश्ता करून या. मात्र सकाळची गोळी घेऊ नका, आधी रक्त काढायचंय."

मास्तरांची छाती अजून शांत होती. बायको रिक्षा बोलवायला खाली गेली आणि ते जिन्यावर कठडा धरून उतरत होते, तेव्हा हृदय उधळलं. ते तसेच पायरीवर बसले. खालून बायकोनं हाक मारली, "आलात का?" आणि त्यांच्या मनात आलं, की दात्याबद्दल आजवर त्यांना काडीचीही माहिती नव्हती. बाई की पुरुष, वय काय, काही नाही. सांगायचा नियमच नव्हता. आज पहिल्यांदा एक गोष्ट कळली, आणि ती ही.

इस्पितळाच्या छातीच्या विभागाबाहेर एक लांब बाक होता. त्यावर एक धिप्पाड माणूस मास्क लावून बसला होता. बाक अर्धा त्यानंच व्यापला होता. मास्तर आणि बायको दुसऱ्या टोकाला टेकले. बराच वेळ कुणी कुणाकडे बघितलं नाही. मग त्या माणसानं घसा साफ केला आणि मास्तर दचकले. तोही दचकला.

"जादाची तपासणी?" त्यानं विचारलं.

"हो."

"गेल्या वर्षी? थंडीच्या शेवटी?"

मास्तरांनी मान हलवली. माणूस सरकत सरकत जवळ आला, मग आपल्याला क्षय असेल हे आठवून पुन्हा मागे गेला. "माझी बेकरी आहे," तो म्हणाला. "भट्टीसमोर उभा राहणारा माणूस, मला वाटलं पिठानं खोकतोय. तुम्हाला काय बसवलंय?"

"हृदय."

"मला यकृत." बेकरीवाल्यानं जरा विचार केला. "यकृत म्हणजे काळीज ना हो? आमची आई बाजारातून आणायची तेव्हा काळीजच म्हणायची."

"काळीजच," बायको म्हणाली.

"म्हणजे त्याचं खरं काळीज माझ्याकडे आहे. तुमच्याकडे नुसतं हृदय." तो मोठ्यानं हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. ते पुसायला रुमाल सापडेना. बायकोनं चष्मा पुसायचं मऊ फडकं पर्समधून काढून त्याला दिलं. "माझी धाकटी पोर अजून कडेवर बसते," तो म्हणाला. "मी तिला रोज कडेवर घेतो. रोज."

तो फडकं परत द्यायला लागला, तेव्हा बायकोनं ते त्यालाच ठेवायला सांगितलं.

तपासण्या झाल्या. यंत्रात निजवून छातीचं चित्र काढलं, रक्त काढलं, नाकातून नळी घालून फुप्फुस धुतलेलं पाणी तपासायला घेतलं. मग वाट बघणं. मास्तरांना वाटलं होतं, वाट बघण्यात आपला हात धरणारं कुणी नाही. हृदयासाठी किती बघितली. पण ते वेगळं होतं. तेव्हा जे नव्हतं ते यायचं होतं. आता जे आलेलं होतं ते आहे की नाही, एवढंच कळायचं होतं. घरात खिडक्या सताड उघड्या. बायकोचीही तपासणी झाली. तिच्यात काहीच उतरलं नसल्याचं कळलं तेव्हा मास्तर न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभे राहिले. बाहेर आले तेव्हा ती म्हणाली, "पाणी वाया घालवू नका."

त्यांचा निकाल मात्र तसा आला नाही. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला डाग होता आणि त्यात जंतू सापडले. बेकरीवाल्याच्या अंगात रोग होता, पण तो अजून झोपलेलाच. त्याच्या पोरी सुखरूप होत्या.

"लवकर सापडलं," छातीचे डॉक्टर म्हणाले. "औषधानं बरं होईल. पण महिनोन्‌महिने घ्यावं लागेल. आणि गोम अशी, की हे औषध तुमच्या हृदयाच्या गोळ्यांचा जोर खाऊन टाकतं. शरीरानं हृदय नाकारू नये म्हणून त्या गोळ्या, आणि क्षय मरावा म्हणून ह्या. दोन्ही सांभाळायच्या तर सारखं रक्त तपासायचं. मधेच ताप, पायाला सूज, दम, काहीही वाटलं तर लगेच यायचं. तेव्हाच्या तेव्हा." त्यांनी शेवटचे शब्द जरा दाबून उच्चारले. बायकोनं मास्तरांकडे पाहिलं नाही, ही तिची मेहेरबानी.

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "डॉक्टरीणबाईंना सांगायला पाहिजे."

"कोण?"

"दातांच्या. माझ्याशेजारी बंद काचांत बसायच्या त्या."

हा फोन त्यांनी स्वतः केला. इस्पितळाच्या आवारात, गाड्या लावायच्या जागेत उभं राहून. शब्द जुळवून ठेवले होते, पण पलीकडून "बोला मास्तर" ऐकल्यावर सगळे पळाले. "बाई, तो खोकला धुळीचा नव्हता," ते म्हणाले. "क्षय आहे. मला शंका होती. तरी मी तुम्हाला गाडीत बसवत राहिलो."

तिकडे कुठलंतरी यंत्र घरघरत होतं, ते थांबलं.

"मास्क होता तुमच्या तोंडाला," बाई म्हणाल्या.

"होता."

"आणि काच. परीक्षेत बघतात म्हणालात ती." त्यांचा आवाज कडक झाला होता. "मी लोकांच्या उघड्या तोंडाशी तोंड नेऊन काम करते मास्तर. शंका होती तेव्हाच सांगायचं होतंत. मी एक दिवस रजा घेऊन तपासून आले असते, एवढंच."

"चुकलं माझं."

"चुकलंच. आजच जाते." आणि फोन बंद. मास्तर कितीतरी वेळ तिथेच उभे होते. नंतर हृदय उडायला लागलं, पण त्याचं त्यांना त्या दिवशी विशेष वाटलं नाही.

बातमीतली ती तरुणी त्याच इस्पितळात होती, दोन मजले वर. कोण कुणाचा सोयरा हे सांगायची इस्पितळाला मनाई होती, पण तिनंच सिस्टरांना सांगून ठेवलं होतं, की कुणी सापडलं आणि त्यांना चालणार असेल तर माझ्याकडे पाठवा. संसर्गाचा काळ सरल्यावर मास्तर आणि बेकरीवाला तिला भेटायला गेले. ती पोहायला शिकवायची. लहान मुलांना पाण्यात सोडणारी, रुंद खांद्यांची मुलगी. आता खांदे तेवढे उरले होते, बाकी सगळं पलंगाच्या चादरीत हरवलेलं. आवाज घोगरा.

"काका, तुम्ही काय शिकवता?"

"गाडी."

"म्हणजे आपला धंदा एकच. दुसऱ्याच्या भीतीवर पोट." ती हसली, मग तिला धाप लागली. धाप ओसरल्यावर तिनं विचारलं, "फोन कधी आला तुम्हाला? बातमीनंतर?"

"हो," बेकरीवाला म्हणाला. "मी नाही वाचत बातम्या. फोनच आला."

"येणारच. त्याआधी किती दिवस मी सांगत होते, बाकीच्यांना बोलवा, बोलवा. आधी खात्री करू, मग कळवू, असं चाललं होतं यांचं. कागद ह्या टेबलावरून त्या टेबलावर. म्हणून मी बातमीदाराला बोलावलं. बोलता येत नव्हतं धड. शेवटचं वाक्य त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं, की गाळू नकोस." तिनं मास्तरांकडे पाहिलं. "तुम्ही वाचली होती?"

खोटं बोलणं सोपं होतं. बेकरीवाल्यासारखंच सांगायचं, की फोन आला.

"वाचली होती," मास्तर म्हणाले. "त्याच सकाळी."

"मग?"

"मग काही नाही. फोन येईल म्हणून बसून राहिलो."

मुलीच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघवेना. राग असता तर मास्तरांनी तो सोसला असता. ती नुसती थकली. डोळे मिटून म्हणाली, "तुमच्यासाठीच लिहिलं होतं मी ते. तुम्ही कोण आहात ते माहीत नव्हतं, पण तुमच्यासाठीच."

खोलीत पडद्याच्या कड्या वाऱ्यानं वाजत होत्या. बेकरीवाला आपल्या बुटांकडे बघत होता.

"चौथा सापडत नाहीये," ती डोळे न उघडता म्हणाली. "दुसरं मूत्रपिंड ज्याला मिळालं तो. त्याचा नंबर बंद आहे. पत्त्यावर दुसरंच कुणी राहतं. तपासणीलाही येत नाही तो कितीतरी महिने. पुन्हा बातमी द्यायला पाहिजे. पण मला आता होत नाही बोलणं."

"मी देतो," मास्तर म्हणाले.

म्हणाले खरे, आणि जिना उतरता उतरता मनात यादी सुरू झाली. बातमीदार त्या मुलीला म्हणाला होता, नुसतं 'एक रुग्ण' म्हणून लिहिलं तर कुणी वाचत नाही. चेहरा पाहिजे, धंदा पाहिजे, माणूस पाहिजे. म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर, त्यांना क्षय. कोण बसणार यापुढे त्यांच्या शेजारी? गाडी शिकवायच्या शाळेचे मालक काय म्हणतील? मोहल्ल्यात लोक समोरून येताना रस्ता ओलांडतील. मास्तरांनी घरी येऊन ही सगळी यादी बायकोपुढे मांडली. ती ऐकत होती.

"नाही दिली तर?" तिनं विचारलं.

"तर तो चौथा बसेल कुठेतरी फोनकडे बघत."

"मग झालं तर. तो निळा शर्ट घाला. फोटोत बरा दिसतो."

बातमीदार आला, पोरसवदा, घाईत. मास्तरांनी सांगितलं ते त्यानं उतरून घेतलं. मास्तर म्हणाले, मी पहिली बातमी वाचली होती आणि भीतीनं गप्प बसलो, हेही लिहा. हे कशाला, असं त्यानं विचारलं. मास्तर म्हणाले, "कारण तोही तेच करत असेल. त्याला वाटू दे, की माझ्यासारखं आणखी कुणीतरी आहे."

बातमी छापून आली. फोटोत मास्तर गुन्हेगारासारखे दिसत होते. शाळेच्या मालकांनी बोलावून घेतलं आणि इकडचं तिकडचं बोलून त्यांना गाडीवरून काढून वर्गात फळ्यापुढे उभं केलं, रस्त्यावरच्या खुणा शिकवायला. तीन शिकाऊ लोकांनी नाव काढून घेतलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंचा निरोप आला: तपासणीत काही निघालं नाही, मी अजून रागावलेली आहे, आणि दुसरा मास्तर वर्तुळात माझ्यावर ओरडतो, तेव्हा तुम्ही लवकर बरे व्हा. मास्तरांनी तो निरोप बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला.

चौथा मात्र नाही. दिवस गेले. सकाळी गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायला जायचं, सिस्टरांच्या दारातून डोकावायचं, सिस्टरांनी मान हलवायची. एकदा रक्तात हृदयाच्या गोळीचा जोर फारच उतरलेला निघाला आणि मास्तरांना ठेवून घेतलं. हृदयाचा एक कण काढून तपासला. नकाराची सुरुवात होती, अगदी थोडी. गोळ्या वाढवल्या. छातीत काहीही वाटत नव्हतं. मास्तर छतावरच्या पंख्याकडे बघत पडले आणि त्या चौथ्याचा विचार करत राहिले. त्यालाही असंच काही वाटत नसेल. खोकत असेल, आणि धूळ आहे म्हणत असेल.

मग एका दुपारी सिस्टर स्वतः वॉर्डात आल्या. "चौथ्याच्या सुनेनं फोन केला," त्या म्हणाल्या. "म्हातारे गृहस्थ आहेत. मुलाकडे राहायला गेले होते, शहराच्या दुसऱ्या टोकाला. नंबर बदलला, कळवलं नाही. ताप येत होता, ते साधा म्हणून अंगावर काढत होते. सून चष्मा करायला दुकानात गेली होती. काउंटरवर तुमची बातमी चिकटवलेली."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती सफरचंद चिरत होती.

"असं बघता काय?" ती म्हणाली. "सगळ्या दुकानांना वाटल्या मी. आमच्या धंद्यात म्हातारी माणसं फार येतात."

चौथे आजोबा आले ते बऱ्याच वाईट अवस्थेत. रोग फुप्फुसात दोन्हीकडे पसरला होता. आठवडाभर डॉक्टर नीट बोलायला तयार नव्हते. पण मूत्रपिंड टिकलं आणि ताप उतरला. मास्तर त्यांना काचेआडून भेटले. हाडांचा सापळा, पण तोरा असा, की हात वर करून मास्तरांनाच खुणेनं विचारलं, तू कसा आहेस?

पोहणाऱ्या मुलीचं मूत्रपिंड मात्र गेलं. तिचा क्षय बरा होत आला तेव्हा ते बंद पडलं, आणि ती पुन्हा यंत्रावर रक्त शुद्ध करून घेऊ लागली, पुन्हा रांगेत. मास्तरांना हे बेकरीवाल्यानं सांगितलं. सांगताना त्याला नीट बोलता येत नव्हतं. "तिनं आपल्याला वाचवलं आणि तिचंच गेलं," तो म्हणत राहिला. मास्तरांनी त्या रात्री जेवण टाकलं, आणि बायकोनं आग्रह केला नाही.

औषधांचे महिने संपत आले तेव्हा मास्तर तिला भेटायला तलावावर गेले. ती कामावर परत आली होती. पाण्यात उतरायची मनाई, म्हणून काठावरून शिकवत होती. गळ्यात शिटी, हाताला यंत्राच्या सुया टोचल्याजागी पट्टी. उथळ पाण्यात सात-आठ पोरं कडेची दांडी धरून पाय आपटत होती. एक मुलगी दांडी सोडायला तयार नव्हती.

"सोड गं," ही ओरडत होती. "मी बघतेय ना!"

मास्तर पायऱ्यांवर बसले. फरशी ओली होती, ती अनवाणी काठावरून भराभरा चालत होती, आणि प्रत्येक पावलाला मास्तरांना वाटत होतं आता घसरेल. तिनं त्यांना पाहिलं आणि हात केला.

"काका! रक्त दिलंत का आज?"

"दिलं."

"निकाल?"

"संध्याकाळी कळेल."

"कळल्याबरोबर मला फोन करायचा," ती म्हणाली. "वाट बघत बसायचं नाही."

"करतो," मास्तर म्हणाले. तिनं शिटी वाजवली. पाण्यातली मुलगी अजून दांडी धरून उभी होती.